मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय? आधी कॉर्नियाची चौकशी करा

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती पद्धतीची. फेकोनं करायचं की बिनटाक्याचं? लेसरनं होतं का? लेन्स परदेशी घ्यायची की इथली? शेजारच्या काकांनी कुठे केलं आणि त्यांना किती खर्च आला? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण पुढची पंधरा-वीस वर्षं नजर कशी राहील हे ज्यावर बऱ्याच अंशी ठरतं, तो प्रश्न क्वचितच कुणी विचारतं. माझा कॉर्निया कसा आहे, आणि तुम्ही सांगताय ती पद्धत त्याला झेपेल का?

हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे, ज्यांच्या आईवडिलांचं ठरायचं आहे आणि जे ‘अजून थोडं थांबू’ म्हणत चालढकल करत आहेत, त्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पद्धतीच्या नावाला भुलू नका, कॉर्नियाची चौकशी करा आणि मोतीबिंदू दगडासारखा होईपर्यंत वाट पाहू नका.

एकच थर, आणि तोही न भरून येणारा

डोळ्याच्या रंगीत भागावर, अगदी पुढे, एक पारदर्शक पटल असतं. तो कॉर्निया. शाळेच्या पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो, उरलेलं आतलं नैसर्गिक भिंग करतं. मोतीबिंदू होतो तो या आतल्या भिंगात, बाहुलीच्या मागे. त्यामुळे तो काढायचा तर वाट कॉर्नियातून किंवा त्याच्या अगदी कडेनंच जाते आणि सगळं काम त्याच्या पाठीमागे दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत चालतं.

कॉर्नियाच्या या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर पसरलेला असतो. त्याला एन्डोथेलियम म्हणतात. डोळ्यातलं पाणी सतत कॉर्नियात झिरपत असतं आणि या पेशी ते रात्रंदिवस परत बाहेर काढत असतात. त्यांचं काम चालू असतं म्हणूनच कॉर्निया पारदर्शक राहतो.

अडचण अशी की या पेशी माणसाच्या डोळ्यात पुन्हा तयार होत नाहीत. त्वचेला खरचटलं तर नवी त्वचा येते, इथे तसं होत नाही. एक पेशी मेली की शेजारच्या पेशी थोड्या पसरतात आणि रिकामी जागा झाकतात. पंगतीतून एखादा उठून गेला की शेजारचे जरा सैलावून बसतात आणि पंगत भरलेली दिसते, पण बसलेली माणसं कमीच झालेली असतात, तसंच हे.

जन्माच्या वेळी दर चौरस मिलिमीटरला या पेशी 4000 च्या वर असतात. मोठेपणी त्या साधारण 2000 ते 3000 असतात आणि दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास आपोआप कमी होत जातात. एवढ्या गळतीनं कुणाची नजर जात नाही, निसर्गानं शिल्लक भरपूर ठेवलेली आहे. पण आकडा 500 च्या आसपास किंवा त्याखाली गेला की उरलेल्या पेशींना पाणी उपसणं जमत नाही. कॉर्निया सुजतो, धुरकट होतो, पुढच्या बाजूला बारीक फोड येतात, ते फुटले की डोळा दुखतो आणि पाणी वाहत राहतं. अशा डोळ्यात आतली लेन्स कितीही उत्तम बसवलेली असली तरी दिसणार ते धुकंच.

याची सुरुवातीची एक खूण घरच्या घरी कळते. सकाळी उठल्यावर अंधुक दिसतं आणि दुपारपर्यंत ते निवळतं. रात्रभर पापण्या मिटलेल्या असतात, कॉर्नियातलं पाणी हवेत उडून जात नाही, म्हणून सकाळी सूज जास्त असते. घरातलं कुणी असं सांगत असेल तर ‘झोप झाली नसेल’ म्हणून सोडून देऊ नका. ऑपरेशनच्या आधी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालाच.

कुठल्या पद्धतीत काय होतं

मोतीबिंदूच्या प्रत्येक ऑपरेशनात यातल्या काही पेशी जातातच. एकही पेशी न गमावता मोतीबिंदू काढण्याची पद्धत आजवर निघालेली नाही. फरक असतो तो किती जातात आणि कशामुळे जातात यात.

पूर्वीची टाक्यांची पद्धत अनेकांच्या आजी-आजोबांनी अनुभवली आहे. कॉर्नियाच्या कडेला 10 ते 12 मिलिमीटरची चीर, मोतीबिंदूचा गाभा अख्खा बाहेर आणि मग बारीक टाके. टाक्यांचा ताण सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे कॉर्नियाचा गोलावा बिघडायचा आणि चष्म्यात तिरका नंबर यायचा. डोळा स्थिरावायलाही बरेच आठवडे लागायचे. आता ही पद्धत फार थोड्या ठिकाणी, खास कारण असेल तरच वापरतात.

आपल्याकडे ‘बिनटाक्याचं’ म्हणून ओळखलं जातं ते लहान छेदाचं हातानं केलेलं ऑपरेशन. डॉक्टर त्याला एसआयसीएस म्हणतात. यात छेद कॉर्नियावर न घेता मागे, डोळ्याच्या पांढऱ्या भागात घेतात आणि तिथून पुढे बोगदा तयार करतात. बाहेरून तो 6 ते 7 मिलिमीटरचा असतो. त्याची रचनाच अशी की डोळ्याच्या आतल्या दाबानं तो आपोआप मिटतो, टाका घालावा लागत नाही. मोतीबिंदूचा कडक गाभा आधी पुढच्या कप्प्यात आणतात आणि मग या बोगद्यातून अख्खा बाहेर काढतात. कॉर्नियाच्या दृष्टीनं धोक्याचा क्षण तोच. गाभा बाहेर येताना कॉर्नियाच्या पाठीला घासला तर पेशी खरवडल्या जातात. म्हणून कुशल सर्जन गाभ्याच्या वर आणि खाली पारदर्शक, चिकट जेल भरतो, आणि गाभा त्या जेलवरून सरकत बाहेर येतो.

तिसरी पद्धत फेकोची. न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ती आणली. दातांच्या डॉक्टरांकडे दात साफ करणारं ध्वनिलहरींचं हत्यार पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. यात छेद सव्वादोन ते तीन मिलिमीटरचा. एक बारीक पोकळ सुई आत जाते, सेकंदाला हजारो वेळा थरथरते, गाभ्याचे तुकडे करते आणि तेच तुकडे शोषून घेते. मग घडी घातलेली लेन्स आत सोडतात आणि ती आत उलगडते. ही सुई चालते ध्वनिलहरींवर, लेसरवर नाही. ‘लेसरनं करून घेतलं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांचं ऑपरेशन प्रत्यक्षात फेकोच असतं. यात कॉर्नियाला त्रास होतो तो चार कारणांनी. ध्वनिलहरींची ऊर्जा, सुईची उष्णता, आत खेळणाऱ्या पाण्याचा जोर आणि भिरभिरणारे कडक तुकडे. मोतीबिंदू मऊ असेल तर ऊर्जा अगदी थोडी लागते आणि कॉर्निया दुसऱ्या दिवशी स्वच्छ असतो. मोतीबिंदू कडक असेल तर सुई जास्त वेळ चालवावी लागते आणि हिशेब बदलतो.

चौथी पद्धत खऱ्या अर्थानं लेसरची, फेम्टोसेकंद लेसरची. छेद घेणं, भिंगाच्या पिशवीला गोल तोंड पाडणं आणि गाभ्याला भेगा पाडणं ही सुरुवातीची कामं लेसर करतो. पुढे तुकडे शोषून काढायला फेकोचीच सुई वापरावी लागते. म्हणजे ही फेकोला दिलेली लेसरची जोड आहे, खर्च मात्र बराच जास्त.

तुलना काय सांगते

इथे आपल्या महाराष्ट्राचा मोलाचा वाटा आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 रुग्णांवर फेको आणि बिनटाक्याचं ऑपरेशन यांची तुलना करणारा अभ्यास झाला आणि 2005 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कुणाला कुठलं ऑपरेशन हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीला वावच नव्हता. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय चांगलं दिसणारे फेकोच्या गटात 100 पैकी सुमारे 81 होते, बिनटाक्याच्या गटात सुमारे 71. चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गटांत 100 पैकी 98 जणांना चांगलं दिसत होतं. फेकोचा छेद लहान, त्यामुळे कॉर्नियाचा गोलावा कमी बदलतो आणि तिरका नंबर कमी येतो, एवढा त्याचा फायदा खरा आहे. पण चष्मा लावायची तयारी असेल तर नजरेत मागे पडण्याचं कारण नाही.

कॉर्नियाच्या आतल्या पेशींचं काय? तोही अभ्यास पुण्यातल्याच डॉक्टरांनी 200 रुग्णांवर केला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनी पेशींची मोजणी केली तेव्हा दोन्ही पद्धतींत गेलेल्या पेशींमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

नेपाळमधल्या एका शिबिरातला अभ्यास तर आणखी बोलका आहे. तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. 108 रुग्ण, आणि मोतीबिंदू बरेच पुढे गेलेले. फेको करणारे आणि हातानं करणारे, दोन्हीकडचे सर्जन आपापल्या पद्धतीत निष्णात. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा कॉर्नियाची सूज फेकोच्या गटात जास्त होती. सहा महिन्यांनी चष्म्यासह दोन्ही गटांत 98 टक्के लोकांना चांगलं दिसत होतं. हातानं केलेल्या ऑपरेशनाला वेळही कमी लागला होता आणि खर्चही.

आणि लेसरची जोड? फ्रान्समधल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली आणि 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. नेहमीच्या फेकोपेक्षा लेसरच्या जोडीनं रुग्णाचा जास्त फायदा होतो असं तिच्यात दिसलं नाही. म्हणून लेसर परवडत नाही याची खंत बाळगून कुणी ऑपरेशन पुढे ढकलू नये, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

परदेशात असलेल्या मुलामुलींना इथे एक सांगणं आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हातानं केलेलं लहान छेदाचं ऑपरेशन क्वचितच होतं, कारण तिथे मोतीबिंदू बहुधा मऊ असतानाच काढतात. म्हणून ‘आई, फेकोच करून घे, दुसरं काही म्हणाले तर डॉक्टर बदल’ असा फोनवरून आग्रह धरू नका. आईचा मोतीबिंदू तपकिरी आणि कडक झाला असेल तर बिनटाक्याचं ऑपरेशन सुचवणारा डॉक्टर कदाचित तिचा कॉर्निया वाचवत असतो. तसंच, मोठं रुग्णालय म्हणजे चांगलं आणि सरकारी किंवा धर्मादाय म्हणजे कमी दर्जाचं, हाही समज सोडून द्या. पुण्यातले हे निष्कर्ष धर्मादाय रुग्णालयातलेच आहेत.

‘पिकू द्या’ हा सल्ला आता मोडीत काढा

या सगळ्या तुलनेतून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कॉर्नियाचं नुकसान किती होईल हे पद्धतीच्या नावापेक्षा मोतीबिंदू किती कडक आहे, कॉर्निया मुळात किती धड आहे आणि सर्जनचा त्या पद्धतीवर हात किती बसला आहे, यावर जास्त ठरतं. यातली पहिली गोष्ट बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, हा सल्ला टाक्यांच्या काळातला. तेव्हा पिकलेला गाभा सुटून यायला सोपा जायचा आणि ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा नशिबी असायचा, त्यामुळे शक्य तेवढं लांबवण्यात अर्थ होता. डोळ्याच्या आत लेन्स बसवण्याची सुरुवात 1949 मध्ये लंडनला हॅरॉल्ड रिडली यांनी केली, आणि आता तर ती सगळीकडे बसवतात. आज थांबण्यात फायदा काहीच नाही, नुकसान मात्र आहे. गाभा पिवळ्याचा तपकिरी, तपकिरीचा काळपट होत जातो आणि दर टप्प्याला जास्त कडक होतो. त्याला फोडायला ऊर्जा जास्त, बाहेर काढायला छेद मोठा, आणि दोन्हींची किंमत कॉर्निया मोजतो. काही वेळा पिकलेला मोतीबिंदू फुगतो किंवा पाझरतो, डोळ्याचा दाब एकाएकी वाढतो, भयंकर ठणका लागतो आणि रातोरात धावपळ करावी लागते. सुजलेल्या कॉर्नियावर घाईनं केलेल्या ऑपरेशनात ठरवून केलेल्या ऑपरेशनाइतकी खात्री देता येत नाही.

पिकायची वाट पाहायची नाही म्हणजे दिसला मोतीबिंदू की लगेच ऑपरेशन, असंही नाही. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की वेळ झाली. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपतात, सुईत दोरा ओवता येत नाही, तांदूळ निवडताना खडा दिसत नाही, एसटीची पाटी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही, चष्म्याचा नंबर बदलूनही भागत नाही. असं काही होत असेल तर ‘पेरणी होऊ द्या, मग दिवाळी होऊ द्या, मग नातीचं लग्न होऊ द्या’ हे थांबवा.

थेंब टाकून मोतीबिंदू विरघळवण्याची जाहिरात कुणी करत असेल तर तिकडे फिरकू नका. असे थेंब नाहीत. मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी यांनी मोतीबिंदू जात नाही, कॉर्नियाला मात्र जखम किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनानं घेतलेले स्टिरॉइडचे थेंब तर महिनोन्‌महिने टाकले तर स्वतःच मोतीबिंदू आणि काचबिंदू आणतात.

कुणी जास्त जपायचं

काही डोळ्यांचा कॉर्निया आधीच नाजूक असतो. काहींना पेशी लवकर गळण्याचा जन्मजात कल असतो, त्याला फुक्स डिस्ट्रॉफी म्हणतात. तो घराण्यात चालत येऊ शकतो, तेव्हा घरात कुणाचा कॉर्निया धुरकट झाला होता का हे आठवून सांगा. ज्यांना मधुमेह आहे, काचबिंदूचा झटका येऊन गेला आहे, डोळ्याला पूर्वी मार लागला आहे, डोळ्याचं आधी काही ऑपरेशन झालं आहे, डोळ्यात नागीण होऊन गेली आहे, त्यांनी तर हे न विचारताच सांगावं. नागीण झालेली असेल तर ऑपरेशननंतरच्या स्टिरॉइडच्या थेंबांनी ती उलटू शकते, म्हणून डॉक्टरांना आधीपासून तयारी करावी लागते.

पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर स्वच्छ दिसायला फार दिवस लागले असतील, तर दुसऱ्या डोळ्याच्या आधी तेही सांगा. डॉक्टर बदलले असतील तर आवर्जून सांगा. पहिल्या डोळ्यानं दिलेली ती सूचना असते.

चष्म्याचा नंबर घालवायला लेसिक करून घेतलेली पिढी आता पन्नाशीकडे येते आहे. लेसिकमध्ये कॉर्नियाचा गोलावाच बदललेला असतो, त्यामुळे लेन्सचा नंबर काढण्याचं नेहमीचं गणित चुकतं. लेसिकच्या आधीचे कागद जपून ठेवा आणि मोतीबिंदूच्या वेळी दाखवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मोजमापाच्या किती दिवस आधी ती बंद करायची हे विचारून घ्या. उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात वडस वाढतो आणि कॉर्नियावर चढतो. तो मोठा असेल तर मोजमाप चुकवतो, म्हणून बऱ्याचदा वडस आधी काढावा लागतो आणि मोतीबिंदूला काही आठवडे थांबावं लागतं. हे थांबणं मात्र कामाचं असतं.

कॉर्नियाची तपासणी तशी साधी आहे. स्लिट लॅम्पच्या यंत्रावर हनुवटी टेकवून डॉक्टर पाहतात तेव्हाच पेशींमधले काळसर ठिपके अनुभवी नजरेला दिसतात. शंका आली तर स्पेक्युलर मायक्रोस्कोपी करतात. डोळ्याला काही न टोचता पेशींचा फोटो निघतो. निरोगी डोळ्याचा फोटो पाहण्यासारखा असतो, सारख्या आकाराच्या षट्कोनी पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. नाजूक डोळ्याच्या फोटोत त्याच पेशी मोठ्या, वेड्यावाकड्या, मधे मधे काळे डाग असलेल्या दिसतात. फोटोखाली पेशींचा आकडा छापलेला असतो. तो 1000 च्या आसपास असेल तर डॉक्टरांनी तुमच्याशी बसून सविस्तर बोलायला हवं. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही, पण वरच्या यादीत तुम्ही बसत असाल तर मागा. कॉर्नियाची जाडी मोजणारी तपासणीही अशीच, दोन मिनिटांची.

डॉक्टरांना काय विचारायचं

एका कागदावर लिहून न्या. ओपीडीच्या गर्दीत सुचत नाही आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर निम्मं विसरायला होतं.

माझा मोतीबिंदू किती कडक आहे? माझा कॉर्निया कसा आहे, पेशी मोजायची गरज आहे का? तुम्ही सुचवताय ती पद्धत माझ्या डोळ्याला का योग्य आहे? त्या पद्धतीवर तुमचा हात बसलेला आहे का, आणि ऑपरेशन तुम्हीच करणार का? कॉर्नियाला जपण्यासाठी कुठलं जेल वापरणार? काही अडचण आली तर पुढचा बेत काय?

या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. ‘काका, तुमचा मोतीबिंदू फार कडक आहे, मी फेकोनं सुरुवात करीन, पण गरज वाटली तर छेद वाढवून हातानं काढीन,’ असं कुणी आधीच मोकळेपणानं सांगितलं तर घाबरू नका. आत गेल्यावर हट्टानं फेकोच चालवत राहण्यापेक्षा वेळेवर पद्धत बदलणं हे शहाण्या सर्जनचं लक्षण आहे. ज्या डोळ्याचा कॉर्निया फारच कमकुवत आहे, त्यात मोतीबिंदू काढताना त्याच वेळी कॉर्नियाचा आतला थर बदलण्याचाही पर्याय असतो. तो कॉर्नियाच्या तज्ज्ञांकडूनच समजून घ्यावा.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस थोडं धुरकट दिसणं, डोळ्यात कचकच होणं, कोरडं वाटणं हे नेहमीचं आहे. छेदामुळे कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे कोरडेपणा काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहतो. सूज बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. डोळा चोळू नका, झोपताना प्लास्टिकचं झाकण लावा, हात धुऊनच थेंब टाका आणि ‘आता दिसतंय की’ म्हणून थेंब मधेच बंद करू नका. पण दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसत होतं ते कमी झालं किंवा डोळ्यातून पू आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. अशा वेळी काही तासांच्या उशिरानंही डोळा जाऊ शकतो.

वर्षातून एकदा तपासणी मात्र कायम ठेवा. ऑपरेशननंतर पेशींची गळती काही वर्षं नेहमीपेक्षा थोडी जास्त राहते. कित्येक वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या आजोबांना आता पुन्हा धूसर दिसत असेल तर ते ‘वयामुळे’ आहे असं परस्पर ठरवू नका. लेन्समागच्या पडद्यावर जाळी आली असेल तर ती लेसरनं काही मिनिटांत मोकळी होते. कॉर्निया थकला असेल तर त्यावरही उपाय आहे. काय झालंय हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

तो उपाय मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी नेत्रदानावर अवलंबून असतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थकलेले कॉर्निया हे आपल्या देशात कॉर्निया रोपणाचं एक मोठं कारण आहे. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे तेही नेत्रदान करू शकतात, चष्मा असलेलेही करू शकतात. घरात मृत्यू झाला तर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोक्यावरचा पंखा बंद करावा आणि सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावं. दुःखाच्या त्या वेळी सुचत नाही, म्हणून नेत्रपेढीचा नंबर आत्ताच घरच्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाला सुमारे 66 टक्के प्रकरणांत मोतीबिंदू जबाबदार होता. सुमारे 7 टक्के अंधत्व मोतीबिंदूच्या ऑपरेशनातल्या गुंतागुंतीमुळे आलेलं होतं. पहिला आकडा सांगतो की लोक वेळेवर ऑपरेशनला येत नाहीत. दुसरा सांगतो की ऑपरेशन नुसतं होऊन भागत नाही, ते नीट विचार करून व्हायला हवं. दोन्ही आकडे खाली आणायचे तर सुरुवात घरातूनच होईल.

म्हणून या रविवारी एवढं करा. घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावलं लांब उभं करा. एक डोळा तळहातानं झाकून मोठ्या अक्षरातल्या तारखा वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. एका डोळ्यानं अडखळायला झालं तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या, आणि जाताना प्रश्नांचा तो कागद बरोबर घ्या.